नारळ्याची पहिली स्लाइड

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास मला कळलं, की फेब्रुवारीत मी ज्याला रंगाचा गाळ म्हणाले होते तो गाळ नव्हता. मायक्रोस्कोपच्या बारीक चाकावर माझा हात होता, तो तिथंच राहिला. खाली पांजरापोळ चौकात कुणीतरी रिक्षाचा हॉर्न दाबून धरला होता, शेजारच्या खोलीत सोनाली रक्त फिरवायच्या यंत्राचं झाकण लावत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक फुगलेली मोठी पेशी होती. तिच्या पोटात पंधरा-वीस दाणे, प्रत्येक दाण्यात एक गोल ठिपका आणि ठिपक्याशेजारी एक बारीक आडवी काडी. गाळाला काडी नसते. गाळ पेशीच्या पोटात बसत नाही, वर पडलेला असतो. चाक केसभर फिरवलं की पेशी पुसट होते आणि गाळ उठून दिसतो. मी चाक फिरवलं. पेशी आणि दाणे एकदमच पुसट झाले. उलटं फिरवलं, दोन्ही एकदमच स्वच्छ झाले. तासाभरापूर्वी आज आलेल्या नव्या स्लाइडवर मी हेच बघितलं होतं, आणि कुणाला न सांगता कपाटातून फेब्रुवारीचा डबा काढून जुनी स्लाइड लावली होती. स्लाइडच्या कोपऱ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: नारळ्या, गाठ. नवशिक्या पोरीलाही येणारी ही चाकाची परीक्षा मी बावीस वर्षांच्या नोकरीनंतर घेत होते, आणि तीही अडीच महिने उशिरा.

मी जनावरांचं रक्त बघते. खाली डॉक्टर अजिनाथांचा जनावरांचा दवाखाना, वर आमची दोन खोल्यांची लॅब. लग्नाकार्यात कुणी विचारलं की बाई, तुम्ही काय करता, आणि मी हे सांगितलं, की समोरची बाई हातातली प्लेट जरा लांब धरते. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, असं म्हणतात. मला दुसऱ्याचं वाकून बघायचाच पगार मिळतो, असं मी सांगते आणि लोक हसतात. माझ्या नजरेचं लोकांना कौतुक आहे. मलाही होतं. सोलापुरातले तीन-चार डॉक्टर अडलेली स्लाइड माझ्याकडे पाठवतात, 'झीनतबाईंना दाखवा' म्हणतात, आणि ती चिठ्ठी वाचताना मी चष्मा उगाच दोनदा पुसते. आता सेहेचाळिसाव्या वर्षी दुसरं काय आहे माझ्याकडे? घरी अब्बा आहेत, विजापूर वेशीतलं दोन खोल्यांचं घर आहे, आणि ही नजर.

नारळ्या पहिल्यांदा आला तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी सकाळपासूनच फार खुशीत होते. तात्याबा नावाचा सांगोल्याकडचा धनगर त्याला खांद्यावर टाकून घेऊन आला होता, बरोबर त्याची बायको केराबाई. त्यांची मेंढरं मंद्रूपजवळ एका शेतात खतासाठी बसवलेली होती, म्हणून दवाखाना सोलापूरचा. कुत्रा तीन वर्षांचा, तांबूस, आखूड केसांचा, इथल्या धनगरी कुत्र्यांसारखा नव्हता. त्यांचा मुलगा शहाजी डाळिंबाची गाडी घेऊन केरळला जातो. परतताना नारळ भरले आणि घाटातल्या कुठल्याशा धाब्यावर हे पिल्लू पोत्यांत शिरून बसलं; सांगोल्यात माल उतरवताना सापडलं. म्हणून नारळ्या. हे सगळं केराबाईंनी सांगितलं, कौतुकानं, एखादी बाई नातवाच्या जन्माची गोष्ट सांगते तसं. कुत्र्याच्या कानात गोचिड्यांचे गुच्छ होते, ताप होता, नाकातून रक्त येत होतं, गळ्यातल्या गाठी लिंबाएवढ्या सुजल्या होत्या. गोचीडतापच, डॉक्टर म्हणाले, पण रक्त बघू. मी खाली जाऊन रक्त घेतलं, गाठीत सुई घालून तिथलं पाणी काचेवर ओढलं. तेव्हा तात्याबा मला म्हणाला होता, 'बाई, ह्येची नखं बगा की. दिसभर मेंढरांमागं पळनाऱ्या कुत्र्याची नखं अशी वाढत्यात व्हय?' नखं खरोखर लांब होती, वाकडी, फरशीवर टकटक वाजत होती. आणि मी, खुशीत असलेली झीनत, काय म्हणाले? म्हणाले, 'मामा, त्याला न्हावी बघा एखादा.' डॉक्टर हसले. केराबाई हसल्या. तात्याबाही हसला, पण त्यानं कुत्र्याचा पंजा हातातून सोडला नव्हता. हे मला आत्ता, जुन्या स्लाइडवरून मान वर करताना आठवलं, आणि कानशिलं गरम झाली.

वर येऊन मी रक्ताची स्लाइड लावली आणि बाराव्या फील्डला, म्हणजे भिंगाखाली एका वेळी दिसतो त्या बाराव्या गोलात, मला तो सापडला. पांढऱ्या पेशीत बसलेला गोचीडतापाच्या जंतूंचा पुंजका, तुतीच्या फळासारखा, जांभळा, इतका स्वच्छ की पुस्तकात छापावा. रोग नेहमीचा असला तरी हा पुंजका सहसा डोळ्यांना दिसत नाही. वर्षात दोनदा दिसला तर नशीब. मी उठून उभी राहिले. डॉक्टरांना वर बोलावलं, त्यांनी मोबाइलनं फोटो काढला, त्यांच्या ग्रुपवर टाकला आणि टाळ्यांची चित्रं यायला लागली. आमच्या शिक्षकांनी सांगितलं होतं, शंभर फील्ड बघायचे, कमी नाही. पण ते शिकताना. धंद्यात सगळ्यांचा एकच रिवाज आहे: एक सापडला की लिहून टाकायचं आणि पुढची काच घ्यायची. सापडला तो चोर. त्याच्यासोबत आणखी कुणी भिंतीवरून उतरलं होतं का हे बघायला वेळ कुणाला आहे, आणि खरं सांगायचं तर हौसही नसते, कारण शोधणाऱ्याचा आनंद पहिल्या सापडण्यातच संपतो. तरी मी गाठीची स्लाइड लावली, अगदीच बघितली नाही असं नको म्हणून. पेशींत दाणे दिसले. मी दोन फील्ड पुढे सरकले, तिथंही दाणे. आणि मी खुर्चीतूनच ओरडले, 'सोनाली, रंग गाळला होतास का? सगळी घाण आलीय काचेवर!' सोनाली दारात येऊन उभी राहिली, मान हलवून गेली. मी लिहिलं: रंगाचा गाळ, बाकी विशेष नाही. वाईट हे नव्हे की मला दिसलं नाही. मला दिसलं होतं. दिसलेल्या गोष्टीला मी नाव दिलं आणि त्या नावाखाली ती झाकून ठेवली, आणि दोष एका सव्वीस वर्षांच्या पोरीच्या अंगावर टाकला.

'मॅडम, चहा?' सोनाली आत्ता विचारत होती. तिनं टेबलावरचा फेब्रुवारीचा डबा बघितला, लावलेली स्लाइड बघितली, आणि तिला कळलं असावं. म्हटलं, 'बघ तू.' ती वाकली, बराच वेळ वाकलेली राहिली, तिनंही चाक पुढे-मागे केलं. मग सरळ होऊन हळूच म्हणाली, 'त्या दिवशी मी रंग दोनदा गाळला होता मॅडम.' एवढंच. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी 'माझं चुकलं' म्हणाले, ती 'असू दे हो' म्हणाली, आणि चहा गार होत राहिला. माफी मागायची तो माणूस सोनाली नव्हतीच, म्हणजे होती, पण पहिली नव्हती. पहिला माणूस खाली जिन्याखालच्या सावलीत ओल्या पोत्यावर बसला होता.

सकाळी तात्याबा आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही, कुत्र्यालाही ओळखलं नाही. अडीच महिन्यांत नारळ्याचं कातडं फासळ्यांवर टाकलेल्या फडक्यासारखं झालं होतं. डोळ्यांभोवतीचे केस गेलेले, तिथं कोंडा, चष्मा लावल्यासारखं गोल. नखं आता बोटांखाली वळलेली. आणि तात्याबा एकटा. बोलायला लागला तो फेब्रुवारीत डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांविषयीच. अठ्ठावीस दिवस, दोन टाइम, अन्नाबरोबर. केराबाईनं गोळ्यांची पुडी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली होती, कारण तिला नातवाच्या दुखण्यासाठी गावी जावं लागलं. जाताना चारदा बजावलं होतं. मेंढरं एका शेतातून दुसऱ्या शेतात हलवली आणि पुडी पहिल्या शेतातल्या लिंबाला टांगलेली राहिली. पाच दिवसांनी परत जाऊन आणली. 'कुत्रं खात हुतं, खेळत हुतं, मला वाटलं बरं झालं आता. पाच दिसानं काय हुतंय?' मग महिन्याभरात कुत्रं बसलं. त्यानं बायकोला फोनवर सगळं सांगून टाकलं, खरं ते. ती म्हणाली, तुमीच मारलं त्येला. तेव्हापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पंधरा दिवस झाले. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं, डॉक्टरांना, मला, केस कापलेल्या पांढऱ्या कुत्र्याला घेऊन बसलेल्या एका अनोळखी बाईला. माणूस चोरी केल्यावर लपवतो असं म्हणतात. हा दिसेल त्याला धरून कबूल करत होता. 'लई काळजीनं बांधून दिलती तिनं,' असं तो दोनदा म्हणाला.

आणि मला वर बसल्या बसल्या हे माहीत झालं होतं की त्या पाच दिवसांचा आणि पोत्यावर पडलेल्या कुत्र्याचा काही संबंध नाही. गोळ्या गोचीडतापाच्या होत्या. गोचीडताप त्यांनी बराच आवरलाही होता. पण हा दुसरा, काडीवाला, केरळच्या घाटातून पिल्लाच्या अंगात झोपून आलेला, वाळूमाशीच्या चाव्यानं जाणारा, माणसांतल्या काळ्या आजाराचा भाऊबंद, आमच्या भागात मी आयुष्यात कधी न बघितलेला, त्याला त्या गोळ्या म्हणजे पाणी. वाढलेली नखं ही त्याचीच खूण. एकेकटा असता तर कदाचित दोघांनाही कुत्र्यानं वर्षानुवर्षं दाबून ठेवलं असतं. पण गोचीडतापानं अंगातले पहारेकरी थकवले आणि झोपलेला उठला. तो उठला म्हणून पहिलाही जोरात आला. आणि दोघांनी मिळून मूत्रपिंडं खाल्ली. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं आहे. परीक्षेत मला त्यावर दहापैकी नऊ गुण मिळाले होते.

पुस्तकात वाचायची तरी काय गरज होती. घरात होतंच की. अम्मीला बारा वर्षं शुगर होती. शेवटच्या वर्षी ती वाळत गेली, संध्याकाळी अंग तापायचं, खोकला. आमचे डॉक्टर म्हणायचे, शुगर वाढली की असंच होतं. शुगर एकदा सापडलेली होती ना, मग अम्मीच्या अंगातलं सगळं शुगरच्या नावावर. पाय दुखले, शुगर. भूक मेली, शुगर. आठ महिन्यांनी मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा दोन्ही फुप्फुसं टीबीनं भरलेली होती. अकरा दिवसांत गेली. आमचे डॉक्टर मातीला आले, अब्बांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'हे अगदी आत्ता झालेलं दिसतंय हो, आधी काही नव्हतं.' चाळिसाव्या दिवसानंतर मी कपाट आवरताना अम्मीचा जुना एक्स-रे सापडला, आठ महिन्यांपूर्वीचा, त्याच डॉक्टरांनी काढायला लावलेला आणि बघून परत दिलेला. मी तो खिडकीच्या उजेडात धरला. वरच्या कोपऱ्यात सावली होती. मी जनावरांच्या लॅबमधली असले म्हणून काय झालं, सावली मला कळते.

अब्बा, रहिमतुल्ला जॉबर, अख्खं आयुष्य यंत्रमागातले बिघाड आवाजावरून ओळखलेला माणूस, त्यांनी अम्मीच्या मरणाचं कारण स्वतःच शोधून ठेवलं होतं. ती हट्ट करायची आणि ते तिला चोरून खाऊ घालायचे. ईदला अर्धी वाटी शीरखुर्मा, एरवी बालूशाहीचा तुकडा, रुमालात गुंडाळून. 'मैंने खिलाया, मैंने मारा,' एवढंच ते म्हणायचे. मी त्यांच्यापुढे एक्स-रे धरला. बोट ठेवून सावली दाखवली. अब्बा, हे तेव्हाच होतं, मिठाईनं काही झालं नाही. त्यांनी एक्स-रेकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'मेरा दिल रखनेकू बोल रई तू.' नऊ वर्षं झाली. ते ईदला पातेलंभर खुर्मा करतात, शेजारच्या सावित्रम्माकडे डबा पाठवतात, आल्यागेल्याला आग्रह करतात आणि स्वतः जिभेला लावत नाहीत. मी किती वेळा सांगितलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, इमामसाहेबांनी सांगितलं. कुणाचं पटत नाही, कारण आम्ही कुणीच चुकलेलो नव्हतो. ज्याची चूक होती त्यानं एकदा येऊन 'माझं चुकलं, रहिमतुल्लाभाई' म्हटलं असतं तर पटलं असतं. ते डॉक्टर मला तीन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या वलीम्यात भेटले. बिर्याणी खात होते. 'अब्बा कैसे हैं?' त्यांनी विचारलं. मी 'ठीक हैं' म्हणाले. त्या दिवशी मला त्यांचा इतका तिरस्कार वाटला होता की जेवणावरून उठून गेले. आणि आता मंगळवारच्या दुपारी माझ्या हातात ती स्लाइड होती, आणि मला त्या डॉक्टरांचा चेहरा अगदी आतून कळत होता. बिर्याणी खाताना त्यांच्या गालातला स्नायू कसा हलत होता तेसुद्धा.

डॉक्टर अजिनाथ वर आले तेव्हा मी दोन्ही स्लाइड दाखवल्या. ते सरळ माणूस आहेत, त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यांनी नवी बघितली आणि 'अरे बाप रे' म्हणाले, मग जुनी बघितली. चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, 'मोठ्या लॅबला पाठवू, पक्कं होऊ दे. तोवर माणसांच्या गाठीवाताची एक गोळी मिळते मेडिकलमध्ये, ती चालू करतो. पण क्रिएटिनिन साडेचार आहे झीनतबाई. मूत्रपिंडं गेल्यातच जमा.' मी विचारलं, 'फेब्रुवारीत किती होतं?' त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'एक,' ते म्हणाले. म्हणजे तेव्हा चांगली होती. मी म्हटलं, जुन्या स्लाइडचं रिपोर्टात लिहिते. 'लिहा की. लिहायलाच पाहिजे, मी नाही म्हणत नाही. माझीही नजर नखांवर गेली नाहीच. पण त्याला सांगत बसू नका. त्याला सांगून कुत्रं उठणार आहे का? आणि गावाकडचा माणूस, उद्या बाजारात चारचौघांत बोलणार. रिपोर्टात असलं म्हणजे झालं.' ते खाली गेले. मी रिपोर्ट लिहिला. फेब्रुवारीची गाठीची स्लाइड पुन्हा तपासली असता त्यातही हेच जंतू आढळले, तेव्हा ते ओळखले गेले नाहीत. ओळखले गेले नाहीत. कुणाकडून, ते वाक्यात कुठंच नव्हतं. आणि तात्याबाला वाचता येत नाही. मी खोटं काही लिहिलेलं नव्हतं, आणि ज्याला कळायला हवं त्याला ते कळणारही नव्हतं. मला वाटलं, ठीक आहे, खाली जाऊन त्याला एवढंच सांगते की गोळ्यांमुळे झालं नाही. म्हणजे त्याच्याही जिवाचं ओझं उतरेल आणि माझंही झाकलेलं राहील.

मी जिना उतरले. एप्रिलच्या दुपारी सोलापुरात सावलीलाही चटके असतात. जिन्याखाली तात्याबानं डोक्याचं पटकूर काढून पाण्यात भिजवून कुत्र्याच्या अंगावर टाकलं होतं आणि स्वतः उघड्या डोक्यानं बसला होता. मी पायरीवर बसले. म्हटलं, 'मामा, एक सांगते. पाच दिवस गोळ्या चुकल्या, त्यानं हे झालेलं नाही.' तो हसला. ओठांच्या एका कडेनं, समजूतदारपणे, लहान पोराच्या समाधानासाठी हसावं तसं. 'डागदर बी त्येच म्हनला,' तो म्हणाला. 'मला बरं वाटावं म्हनून सांगताय तुमी. चांगली मानसं हायसा.' आणि त्यानं कुत्र्याच्या डोळ्यावरची माशी हाकलली.

चांगली माणसं, हे शब्द मला सहन होईनात. पहिली आठवण आली ती नोकरीची, हे मी लपवत नाही. झीनतबाईंना दाखवा, ही चिठ्ठी पुन्हा येणार नाही, असं वाटलं. मग मी बोलायला लागले आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. 'मामा, नीट ऐका. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा याच्या अंगात दोन रोग होते. एक मला सापडला. दुसराही माझ्या डोळ्यांसमोर होता, या डोळ्यांनी मी बघितला, आणि मला वाटलं काचेवरची घाण आहे. मी पुढं बघितलंच नाही. गोळ्या पहिल्या रोगाच्या होत्या. एकही चुकली नसती तरी दुसऱ्याला काही झालं नसतं. तुमच्या हातून नाही झालं. माझ्या हातून झालं.'

त्याचा माशी हाकलणारा हात थांबला. 'म्हंजी तवाच हुता?'

'तेव्हाच होता.'

'नखं म्हनलो हुतो म्या.'

'हो. आणि मी चेष्टा केली.'

तो कुत्र्याकडे बघत राहिला. मग त्यानं तो प्रश्न विचारला, जो त्यानं विचारू नये असं मी मनातल्या मनात म्हणत बसले होते. 'तवाच कळलं असतं तर जगलं असतं व्हय?' मला 'कदाचित' म्हणता आलं असतं, 'सांगता येत नाही' म्हणता आलं असतं, आणि दोन्ही खरंच होतं. पण त्याला तोलून-मापून दिलेलं उत्तर नको होतं. म्हटलं, 'तेव्हा मूत्रपिंडं चांगली होती. बहुतेक जगला असता.' तात्याबानं मान हलवली. एकदा, दोनदा. मग मान हलायची थांबलीच नाही, म्हातारी माणसं झोपेत हलवतात तशी हलत राहिली, आणि त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो रडण्याचा होता की रागाचा, मला अजून ठरवता येत नाही. मला वाटत होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. उलट आता ते त्याच्याही आत गेलं होतं आणि माझ्याही आत होतंच.

मग त्यानं कोपरीच्या खिशातून बटणांचा फोन काढला. अंगठ्यानं कुठलंसं बटण दाबून धरलं आणि फोन माझ्यापुढे केला. 'बायकूला सांगा,' तो म्हणाला. 'ह्येच सांगा. आसंच. म्या सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाय.' फोन वाजत होता. मला उठून पळावंसं वाटलं. त्याच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, माफी तर नव्हतीच. हिशेबाचीच गोष्ट असल्यासारखा तो फोन धरून बसला होता, आणि त्याचं बरोबर होतं.

'कोन?' पलीकडून केराबाईंचा आवाज आला. मागं कुठंतरी करडू ओरडत होतं.

'मावशी, मी झीनत. सोलापूरच्या दवाखान्यातली. नारळ्याचं रक्त बघते ती.'

'मेला का?'

'नाही मावशी. आहे. पण फार आजारी आहे.' आणि मी सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, ते अवघड गेलं, कारण आता समोर तोंड नव्हतं, नुसता श्वास होता. दोन रोग होते. मला एक दिसला. दुसरा दिसूनही मी घाण म्हटलं. मामांच्या गोळ्यांचा काही दोष नाही. सगळी चूक माझी.

'तुमी डोळ्यानं बगितलं हुतं?' केराबाईंनी विचारलं.

'हो.'

'आन् काय न्हाय म्हनून लिवलं.'

'हो.'

करडाचा आवाज थांबला. बहुतेक त्या घराच्या आत गेल्या असाव्यात. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि मी त्यांची वाट बघू लागले, अगदी मनापासून. शिव्या आल्या नाहीत. 'त्यास्नी द्या,' केराबाई म्हणाल्या.

मी फोन तात्याबाला दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. 'व्हय,' तो म्हणाला. 'व्हय. हितंच हाय, जिन्याखाली. न्हाय, रगत न्हाय येत आता. डागदरनं दुसरी गोळी दिलीया.' बराच वेळ तो नुसता ऐकत होता. पाठ मात्र हलत होती. नारळ्याच्या अंगावरचं पटकूर सुकलं होतं, म्हणून ते भिजवून आणावं आणि त्याला जरा उचलून आतल्या सावलीत घ्यावं, असं वाटून मी वाकले. माझे हात कुत्र्याच्या पोटाखाली जायच्या आत तात्याबाचा हात मधे आला. 'तुमी ऱ्हाऊ द्या,' तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मी हात मागे घेतले. आणि फोनमध्ये तो म्हणाला, 'न्हाय, सकाळधरनं नुसता च्या घेतलाय. खातो. खातो म्हनलं न्हवं.'